आबांच्या मोबाइलमधला तिसरा डोळा

पत्र:

मावशी, मी २६ वर्षांची. गाव अमळनेर तालुक्यात. बी.एस्सी. झालं, जळगावला एम.एस्सी.ला नंबर लागतो आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आम्ही त्यांना आबा म्हणतो. माळकरी आहेत, वारी चुकवत नाहीत. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आबा रात्री बारा-एकपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघतात. म्हणतात, इल्युमिनाटी आणि फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळ्या आहेत, त्यांना आपला धर्म आणि एकत्र कुटुंब संपवायचंय. मुलींचं शिक्षण, बायकांचे बचत गट, उशिरा लग्नं, घटस्फोट, सगळं त्यांनीच आखलेलं. भाऊ ३१ वर्षांचा, चार एकर शेती, पाच वर्षं मुली बघतोय, जमत नाही. त्याचंही खापर त्यांच्यावरच. (काकू एकदा बोलून गेली होती की भावाच्या आधी आईची दोनदा 'सफाई' केली होती. असो.) मोठी बहीण बाळाला घेऊन माहेरी आली आहे, भावजी सुरतेला कापड मार्केटात असतात. बाळाला नऊ महिने झाले, पण आबा गोवराची लस देऊ देत नाहीत. बोलवायला आलेल्या आशाताईबद्दल परवा पारावर चारचौघांत म्हणाले, 'ती त्यांचीच माणूस आहे.' मी काही दाखवायला गेले की म्हणतात, तुझं डोकं कॉलेजात फिरवलं. मला राग येतो आणि रडूही येतं. काय करू?

उत्तर:

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात बरंच काही एकमेकांत गुंतलंय, पण एक काम या आठवड्यातलं आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. बाळाची लस.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत देतात. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. गोवर म्हणजे चार दिवस अंगावर लाल पुरळ आणि मग झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, लेकरं दगावतात. आबांचं मत बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि त्यांचं मत बदलणं ही लसीची अट करून ठेवलीस तर दोन्ही हुकतील. बाळ तुझ्या बहिणीचं आणि भावजींचं आहे. भावजींना सुरतेहून एक फोन करायला सांग: 'आबा, बाळाला लस देऊन घ्या, आमच्या घरी सगळ्यांचं तसंच म्हणणं आहे.' आपल्याकडे सासरा जावयाचा शब्द खाली पडू देत नाही. पोटच्या मुलीचा शब्द खाली पडतो आणि जावयाचा नाही, हे मला आवडतं असं समजू नकोस. त्यावर आपण पुढे कधी भांडू. आधी डोस.

दुसरं, पारावरचं ते वाक्य. तू ते पत्रात ओघात लिहून गेलीस, पण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. मी धुळ्याची आहे. १ जुलै २०१८ ला, रविवारी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज आधीपासून मोबाइलवर फिरत होते. त्या बाजारात मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले, भिक्षा मागून पोट भरणारे. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून मारलं, पाचही मेले. टोळी नव्हतीच. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत झोळीवाला दिसला की दारं लागायची. खोटं कशाला सांगू, माझंही लागलं होतं.

आबा कुणावर हात उचलणार नाहीत, हे मी पत्रावरूनच सांगते. पण त्यांच्या व्हिडिओतली मंडळी लंडनला बसलेली असतात तोवर ठीक. त्या मंडळींना गावातल्या एका बाईचं तोंड मिळालं की ऐकणाऱ्यांत प्रत्येक जण आबांसारखा माळकरी असेलच असं नाही. आशाताई रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाते. तिच्यामागे हे बोलणं लागता कामा नये. भावाला सांग, त्याने आबांना एकटं गाठून एवढंच म्हणावं: 'आबा, बाकी काहीबी म्हना, पन त्या बाईचं नाव घेऊ नका.' आणि तू नि बहीण उद्या दिवसाउजेडी तिच्या ओट्यावर जाऊन बसा, चहा प्या. पारावरच्या लोकांना ते दिसू दे.

आता इल्युमिनाटी. आबा मास्तर होते, तेव्हा इतिहास विचारलाच तर तो तुला सनावळीसकट यायला हवा.

१ मे १७७६ ला बव्हेरियात, म्हणजे आजच्या जर्मनीत, इंगोल्श्टाट विद्यापीठातल्या आडाम वाइसहाउप्ट नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने हे मंडळ काढलं. विद्यापीठावरचा पाद्र्यांचा पगडा त्याला सोसवत नव्हता. सभासदांना टोपणनावं, पायरीपायरीने दीक्षा, एकमेकांवर पाळत, असा सगळा थाट. १७८४-८५ ला तिथल्या राज्यकर्त्याने बंदी घातली, पुढे त्यांचे कागद हाती लागले तेही सरकारने छापून टाकले. दहा वर्षंही धड भरली नाहीत. त्यानंतर १७८९ ला फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. राजा गेला, चर्चच्या जमिनी गेल्या. ज्यांचं गेलं त्यांना कळेना, हे उलटलं कसं? पीक बुडालं होतं, पावाचा भाव भडकला होता, खजिना रिकामा होता आणि सरदार-पाद्री करातून सुटले होते, ही कारणं डोळ्यांपुढे होती. पण त्यात आपलंही नाव येत होतं. १७९७ मध्ये बार्युएल नावाच्या एका फ्रेंच पाद्र्याने आणि रॉबिसन नावाच्या एका स्कॉटिश प्राध्यापकाने वेगवेगळी पुस्तकं लिहिली. दोघांचं म्हणणं एकच: हे सगळं इल्युमिनाटीने फ्रीमेसनांच्या आडून घडवलं. आबा रात्री जे बघतात ती या दोन पुस्तकांच्या झेरॉक्सची झेरॉक्स आहे. फ्रान्समधला चर्चचा धर्म पुसून तिथे आपला घातला, एवढाच फरक. मुसलमानांत आणि ख्रिस्ती लोकांतही हेच व्हिडिओ फिरतात, त्यांना वाटतं कट त्यांच्याविरुद्ध आहे.

फ्रीमेसन मात्र आजही आहेत. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. १७१७ मध्ये लंडनमध्ये असे चार लॉज एकत्र आले तिथून त्यांचा मोठा कारभार सुरू झाला. इंग्रजांबरोबर अठराव्या शतकातच ते हिंदुस्थानात आले. भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ ला झालं. मुंबईत फोर्टात त्यांचा हॉल आहे, दारावर पाटी आहे. आत काय चालतं ते बाहेर सांगत नसत म्हणून जुने लोक त्याला जादूघर म्हणायचे. शपथ, खुणा, हात मिळवायची ठरावीक रीत आणि मग जेवण, देणग्या. बड्या लोकांचं मंडळ म्हण. आबांच्या घरी स्वामी विवेकानंदांचा फोटो असेल, मास्तरांच्या घरी असतोच. ते नरेंद्रनाथ दत्त असताना १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये दाखल झाले होते. हे आबांच्या तोंडावर फेकू नकोस. कधी फोटोला हार घालताना सहज निघालं तर निघू दे.

आणि एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्या घरी ती ऐकून सगळे लोळले होते. पॅरिसमध्ये लेओ ताक्सील नावाचा एक लेखक होता. आयुष्यभर चर्चची टिंगल केली, आणि १८८५ ला अचानक म्हणाला, मी सुधारलो, पुन्हा धर्माला शरण आलो. मग त्याने फ्रीमेसनांची 'आतली' पुस्तकं लिहायला घेतली. त्यांत फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात, सैतान मगरीचं रूप घेऊन पियानो वाजवतो, डायना व्हॉन नावाची एक बाई त्यांच्यातून पळून आली आहे. काही प्रसंग तर त्याने आपल्या हिंदुस्थानातही घडवले. पुष्कळ भाविकांनी वाचलं. खुद्द पोप त्याला भेटले. शेवटी १९ एप्रिल १८९७ ला त्याने सभा बोलावली, डायना व्हॉन आज सगळ्यांसमोर येणार म्हणून. हॉल भरला. ताक्सील उभा राहिला आणि म्हणाला, बारा वर्षं मी सगळं मनाने रचत होतो, डायना म्हणजे माझी टायपिस्ट. लोक असे चवताळले की त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर काढावं लागलं. पियानोवाली मगर मागे राहिली, पण सैतानाची पूजा त्याच्या पुस्तकांतून उचलून आजही लोक 'पुरावा' म्हणून सांगतात. लिहिणाऱ्याने स्वतः खोटं आहे म्हटल्यावर सव्वाशे वर्षांनी!

मात्र 'गुप्त मंडळ्या नसतातच' असं आबांना म्हणू नकोस, ते तिथेच तुला पकडतील. नाशिकची अभिनव भारत, इंग्रजांविरुद्धच्या क्रांतिकारकांची संघटना, गुप्तच होती. पण बघ, माणसं मोजकी, हेतू एक. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि चार महिन्यांत तिघं फासावर गेले. खरा कट असा असतो, कुठे ना कुठे धागा सुटतो. अडीचशे वर्षं साऱ्या जगातल्या सुना, पोरी आणि डॉक्टर एका दोरीने नाचवायचे आणि कोणी फितूर नाही, कोणाचं भांडण नाही? आपल्याकडे भाऊबंदकीत बांधाचं गुपित वर्षभर टिकत नाही.

तरीही हे सगळं जेवताना ताटावर वाढू नकोस. आबांनी मुख्याध्यापक म्हणून आयुष्य काढलंय, पोरीकडून धडा घेणार नाहीत. मी असते तर मीही घेतला नसता.

१८९६-९७ च्या प्लेगात मुंबई-पुण्याकडे लोक म्हणायचे की दवाखान्यात नेऊन माणसाची मोमियाई काढतात, म्हणजे उलटं टांगून अंगातलं तेल गाळतात. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याला आधी स्वतःलाच टोचून घेतली, तरी लोक पळत. ते लोक काही वेडे नव्हते. पुण्यात गोरे सोजीर घरात घुसत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसं उचलून नेत होते. घरावर कोणीतरी चाल करून आलंय ही जाणीव खरी होती, तिला नाव चुकीचं मिळालं.

मग आबांच्या घरावर काय चालून आलं? हा माझा अंदाज आहे, चुकला तर सोडून दे. बायको गेली. शाळेची घंटा बंद झाली. ज्या माणसाला गावभर 'गुरुजी' म्हणून रामराम व्हायचा, त्याला आता कापसाच्या भावाबद्दलही कोणी विचारत नाही. मुलाचं लग्न होत नाही, आणि गावात पहिला प्रश्न तोच. रात्री एक वाजता मोबाइलमधला माणूस म्हणतो, यात तुमची काही चूक नाही, आणि हे फक्त तुम्हालाच समजलंय. बरं वाटणारच ना? २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून मीही वाटी-चमचा घेऊन रांगेत उभी होते. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई! दूध सोंडेवरून खाली ओघळत होतं ते मला दिसत होतं. पण त्या रांगेत अख्खी गल्ली होती आणि मला त्यात असायचं होतं.

आता तुझा तो कंस, आईच्या 'सफाई'चा.

'असो' लिहून तू तो बंद केलास, पण लिहिलास. भावाला मुलगी का मिळत नाही, याचं निम्मं उत्तर त्याच्यात आहे. महाराष्ट्राने गर्भाचं लिंग तपासण्यावर १९८८ मध्येच कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. देशाचा कायदा १९९४ चा. तरी सोनोग्राफीच्या पडद्यामागे काय चाललं होतं ते आपल्याकडे कोणाला माहीत नव्हतं? २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे मुली नऊशेच्या खाली होत्या. २०११ ला साडेआठशेही राहिल्या नाहीत. तुझ्या भावाच्या वयाच्या मुली कुठल्या लॉजने पळवल्या नाहीत. त्या जन्मालाच आल्या नाहीत. घरोघरी हळू आवाजात ठरलं, कोणी कागदावर लिहिलं नाही, शेजारच्याला माहीत असून शेजारी बोलला नाही. गुप्त मंडळ शोधायचंच तर ते हे होतं, आणि त्यात आपण सगळे होतो. माझ्याही नात्यात झालं आणि मी बारशाचे पेढे खाऊन आले.

उरलेलं निम्मं उत्तर तुला माहीतच आहे. ज्या मुली आहेत त्या बारावी-पंधरावी शिकल्या. चार एकर कापूस, बोंडअळी, रात्रीची लाइट, हे बघून त्या म्हणतात, नाशिक-पुण्याला पंधरा हजारांची का होईना, नोकरीवाला बघा. यात कट कसला? तू तरी काय म्हणशील?

पण तो कंस आबांपुढे उघडू नकोस. भांडणात तर नाहीच. ते घर दोघांचं होतं, ठरवलं कोणी, आजीने का आजोबांनी का आबांनी, तुला माहीत नाही. तुझी आई ते सोबत घेऊन गेली. आबांना ते आठवत नसेल असं मला वाटत नाही. कदाचित रात्री एक वाजता ते आठवू नये म्हणूनच मोबाइल चालू असतो. त्यांनी कधी आपणहून विषय काढला तर उठून जाऊ नकोस, एवढंच.

त्याऐवजी दुसरं काहीतरी विचार. आबा मास्तर होते म्हणजे दर जूनला पटनोंदणीला दारोदार गेले असतील. तेव्हाची आपली गावं तुला माहीत नाहीत. मुलगी सहा-सात वर्षांची झाली की धाकट्या भावाला कडेवर घ्यायची, नाहीतर कापूस वेचायला जायची. बाप म्हणायचा, 'गुरुजी, पोर शिकीसन काय कलेक्टर व्हनार शे का?' मास्तर ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, समजूत घालायचे आणि पटावर नाव लिहून घ्यायचे. तुझ्या आबांनीही अशी किती नावं लिहिली असतील! सावित्रीबाईंनी १८४८ ला पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेले साने गुरुजी मे १९४७ ला पंढरपुरात विठोबाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून उपाशी बसले. दोन्ही वेळेला धर्म बुडाल्याची ओरड झाली, आणि दोन्ही कामं भर चौकात झाली. आबा ज्या दर्शनबारीत उभे राहतात ती तशी मोकळी झालेली आहे. मुली शिकल्या त्या कोणाच्या तरी आराखड्याने शिकल्या हे खरंच आहे, आणि तो आराखडा आबांच्या हजेरीपटावर त्यांच्याच अक्षरात असेल.

तर एखाद्या दुपारी विचार: 'आबा, तुम्ही घरून समजावून शाळेत आणलेली पहिली मुलगी कोण होती?' पुढे काही बोलू नकोस. त्यांना बोलू दे. मधेच इल्युमिनाटी आली तर येऊ दे, 'हां' म्हण आणि परत त्या मुलीवर आण. मास्तरला त्याच्या विद्यार्थ्यांबद्दल विचारलं की तो तासभर थांबत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

मोबाइल काढून घेऊ नकोस, लपवू नकोस. कधीतरी शेजारी बसून एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघ. शेवटी काय विकतात ते दोघं मिळून बघा. पुष्कळदा एखादं चूर्ण, अंगठी, नाहीतर देणगीसाठीचा क्यूआर कोड असतो. आबांनी आयुष्यभर पैशाचा हिशोब चोख ठेवला असेल, त्यांचं लक्ष तिथे जाईल. आणि व्हिडिओतला त्रिकोणातला डोळा दाखवून ते म्हणाले की ही इल्युमिनाटीची खूण, तर हसून विचार, 'आबा, मग महादेवाचा तिसरा डोळा कोणाच्या खात्यात?' मूड बरा असेल तरच.

तुझ्या एम.एस्सी.बद्दल वाद नको, फी भर. शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, आसोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचं. आबांना ते नाव परकं नाही.

आणि लसीचं अजून एक राहिलं. गोवराच्या लसीनंतर काही बाळांना सात ते बारा दिवसांनी बारीक ताप येतो, कधी थोडं पुरळही उठतं. तोवर सगळे विसरलेले असतात आणि आबा म्हणतील, 'बघा, मी काय सांगत होतो?' म्हणून डोस घेतानाच नर्सबाईंना विचारून ठेवा, ताप आला तर बाळाच्या वजनाला कोणतं औषध किती द्यायचं. आबांनाही आधीच सांगून ठेवा, आठवड्याने असा ताप येऊ शकतो म्हणून. ते कॅलेंडरवर लिहून ठेवतील. लिहून ठेवायची त्यांना सवय आहे.

तुझी,
मावशी